वारा कोणाच्या खात्यावर मांडावा?

आपल्या जीवनाचा हिशेब मांडताना मनुष्यमात्राला एक वाईट खोड लागलेली असते. यश पदरी पडले, की तो ते आपल्या नावे जमा करितो. आणि अपयश आले, की ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावे खर्ची टाकितो. पीक उत्तम आले तर ते आमच्या मेहनतीने आले, आणि पीक बुडाले तर ते पावसाने बुडविले. मुलगा परीक्षेत उतरला तर तो आमच्या वळणाचा, आणि नापास झाला तर दोष शिक्षकाचा. अशी वही लिहिणाऱ्या कारकुनास कोणताही शहाणा सावकार एक दिवसही कामावर ठेवणार नाही. पण आपल्या अंतःकरणात हाच कारकून जन्मभर बसलेला असतो, आणि त्याची वही आपण कधी तपासून पाहत नाही. ही वही आमच्यापुढे एकदा कशी उघडी पडली, आणि तीतून कोणता प्रश्न आमच्या मनात उभा राहिला, ते सांगण्याचे आम्ही योजिले आहे. प्रसंग अगदी क्षुल्लक आहे. तो म्हणजे गळाने मासे धरण्याच्या एका शर्यतीचा. परंतु क्षुल्लक प्रसंगी मनुष्य सावध नसतो, म्हणून तेथेच त्याचे खरे स्वरूप लवकर दिसते.

आमचे वास्तव्य काही वर्षे इंग्लंडच्या पूर्व भागात, लिंकनशायर परगण्यात होते. तो प्रदेश तळहातासारखा सपाट आहे. पूर्वी तेथे दलदल होती. लोकांनी चर खणून, बांध घालून व पाणी उपसून ती जमीन शेतीस आणिली. लिंकन शहरापासून बॉस्टन शहराकडे विदम नावाची नदी वाहते. तिचा पुष्कळसा भाग मनुष्याने सरळ केलेला असून दोन्ही काठांस उंच बांध आहेत. बॉस्टन येथे १७६६ साली बांधलेला मोठा दरवाजा समुद्राची भरती आत येऊ देत नाही, त्यामुळे वरच्या अंगास पाणी संथ असते. अशा नदीवर झाडाचा आडोसा क्वचितच. समुद्राकडून वारा सुटला, की त्यास अडविणारे कोणी नाही.

त्या देशात गळाने मासे धरणे हा श्रमिक लोकांचा फार आवडता खेळ आहे. मागील शतकांत शेफील्डच्या पोलादी कारखान्यांतील कामगार सुट्टीच्या दिवशी आगगाडीने याच विदम नदीवर येत आणि काठावर रांगेने बसत. त्यांची मंडळे असत, मंडळांच्या शर्यती होत. १९०३ साली अशा मंडळांचा एक राष्ट्रीय संघ स्थापन झाला. पुढे २००९ साली तो इतर संस्थांबरोबर एका मोठ्या संस्थेत विलीन झाला. आम्हीही एका लहान मंडळाचे सभासद झालो होतो. सभासद बहुतेक वयस्क: कोणी खाणीतून निवृत्त झालेला, कोणी मालमोटार हाकणारा, कोणी शाळेचा पहारेकरी. परक्या देशातील मनुष्यास त्यांनी आपल्यात घेतले, हे त्यांचे उपकार आम्ही विसरलो नाही.

शर्यतीचा रिवाज असा. काठावर ठरावीक अंतराने क्रमांक लिहिलेल्या खुंट्या रोवलेल्या असतात. सकाळी सर्व जण जमले, की एका पिशवीत हात घालून प्रत्येकाने एक चिठ्ठी काढावयाची. चिठ्ठीवर जो क्रमांक निघेल त्या खुंटीपाशी त्याने दिवसभर बसावयाचे. जागा बदलता येत नाही. शिटी वाजली की गळ टाकावयाचा, आणि पाच तासांनी दुसरी शिटी वाजली की काढावयाचा. धरलेले मासे पाण्यात बुडविलेल्या लांब जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवितात. शेवटी काटा घेतलेला मनुष्य एकेका खुंटीपाशी येतो, मासे तोलून वजन वहीत मांडितो, आणि मासे पुन्हा नदीत सोडितात. ज्याचे वजन अधिक, तो जिंकला. बक्षीस म्हणजे सभासदांच्या वर्गणीतील थोडीशी रक्कम एका पाकिटात घालून दिलेली. रक्कम लहान, पण मान मोठा. आणि मनुष्य मानासाठी पैशाहून अधिक झुरतो, हे सांगावयास नकोच.

एका ऑक्टोबर महिन्यात अशीच शर्यत होती. त्या दिवशी पहाटेपासून समुद्राकडून जोराचा वारा वाहत होता. छत्र्या उघडल्या की उलट्या होत, टोपी हाताने धरावी लागे. ज्यांनी कधी गळ टाकिला नाही त्यांस असे वाटेल, की मासा पाण्याखाली आणि वारा पाण्यावर. मग त्यांचा परस्परांशी संबंध काय? परंतु संबंध फार मोठा आहे. दोऱ्यास जो हलका बोया बांधलेला असतो तो वाऱ्याने ओढला जातो, आणि त्याबरोबर तळाशी असलेले आमिषही ओढले जाते. मासा तर प्रवाहाने हळूहळू वाहत येणारे अन्न खाण्यास सवकलेला असतो. नदी बॉस्टनकडे वाहते, आणि वारा बॉस्टनकडून येतो. तेव्हा वरचे पाणी एका दिशेने सरकते व खालचे दुसऱ्या दिशेने. वरच्या पाण्याबरोबर उलट जाणारे आमिष पाहून मासा संशय धरितो आणि दूर राहतो. शिवाय हल्लीचे लोक दहा-बारा मीटर लांबीची कार्बनची काठी वापरितात. ती वाऱ्यात हातात ठरत नाही. इझाक वॉल्टन याने गळाच्या मासेमारीवर आपला प्रख्यात ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध केला. त्यातही वाऱ्याच्या दिशांची चर्चा आहे. इतका हा विषय जुना आहे.

आम्ही पिशवीत हात घातला आणि जो क्रमांक निघाला तो एका पंपघराच्या भिंतीआडचा होता. तेथे विटांची उंच भिंत वारा अडवीत होती, आणि शेतांतील पाणी नदीत सोडणारी मोरी तेथेच उघडत असल्यामुळे तळ खोल झाला होता. बाहेर नदीवर लाटा उठत होत्या, आणि आमच्यासमोर पाणी असे शांत होते की त्यात भिंतीच्या विटा मोजाव्यात. आमचा बोया सरळ उभा राहिला. दुसऱ्या-तिसऱ्या टाकण्यालाच रोच नावाचा चांदीसारखा मासा लागला, मग दुसरा, मग तिसरा; दुपारच्या सुमारास ब्रीम जातीचे दोन रुंद, जड मासे मिळाले. आमच्या डाव्या अंगास उघड्या बांधावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते निवृत्त खाणकामगार. गळाच्या गाठी मारावयास आम्हांस त्यांनीच शिकविले होते. त्यांचा दोरा वाऱ्याने धनुष्यासारखा वाकत होता. आम्ही अधूनमधून त्यांजकडे पाहत होतो, आणि लाज वाटते पण सांगतो, त्यांस त्रास होत आहे हे पाहून आम्हांस वाईट वाटत नव्हते.

तोलणारा आला. आमचे मासे अकरा पौंड भरले, त्या वृद्धांचे चार पौंड. उघड्या बांधावरील इतरांचे कोणाचे दोन पौंड, कोणाचे एक, आणि कित्येकांचे तर काहीच नाही. पाकीट आम्हांस मिळाले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. ते वृद्ध गृहस्थ पुढे आले, त्यांनी आमचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “अभिनंदन! आज तुम्हांला चिठ्ठी छान निघाली.” हे शब्द तेथील लोक एकमेकांस नेहमी म्हणतात, त्यांत खोच नसते. परंतु आम्हांस ते बाणासारखे लागले. आम्ही मनात म्हणालो, ‘हा मनुष्य आमचा मत्सर करितो. आम्ही काठी नीट धरिली, चारा बेताने टाकिला, मासा लागताच घाई केली नाही. आणि याला मात्र एक चिठ्ठीच दिसली!’ त्या रात्री आम्ही आपल्या घरच्या मंडळींस शर्यतीची सर्व हकीकत सांगितली. ती सांगताना चाऱ्याचे वर्णन केले, काठीचे केले, ब्रीम मासा कसा ओढीत होता त्याचेही केले. पंपघराची भिंत मात्र सांगावयाची राहून गेली.

पुढे नोव्हेंबरात पुन्हा शर्यत झाली, आणि पुन्हा तसाच वारा. या वेळी आमचा क्रमांक उघड्या बांधावर निघाला, आणि योगायोगाने ते वृद्ध गृहस्थ पुन्हा आमच्या शेजारच्याच खुंटीवर आले. आम्ही चिठ्ठी उघडताच म्हणालो, “आज आमचे नशीबच फुटके!” आणि खरे म्हणजे त्याच क्षणी आम्ही शर्यत हरलो. पाच तास आम्ही वाऱ्याला बोल लावीत बसलो. बोया वाहून जाई, आम्ही तो पुन्हा टाकू, आणि तो पुन्हा वाहून जाई. अखेरीस आमचे वजन दोन पौंड तीन औंस भरले. मग तोलणारा शेजारी गेला. त्या वृद्धांनी आपली पिशवी पाण्यातून उचलली, आणि काट्यावर सात पौंड दिसले.

वाचकहो, वारा तर दोघांवरही सारखाच वाहत होता! तीच नदी, तोच बांध, मध्ये वीस पावलांचे अंतर. मग आम्हांस समजून घ्यावे लागले की त्यांनी काय केले होते. गळ टाकिल्यावर ते काठीचे टोक पाण्यात बुडवीत, दोरा झटकन थोडा गुंडाळीत आणि अशा रीतीने सर्व दोरा पाण्याखाली नेत. मग वाऱ्यास धरावयाला काही उरत नसे. त्यांनी दोऱ्याची लांबी वाढवून आमिष तळावर टेकवून ठेविले होते, म्हणजे वरचे पाणी कोठेही जावो, आमिष जागचे हलत नसे. दूर टाकण्याचा हव्यास सोडून ते काठाजवळच मासे धरीत होते. हे सर्व आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनीच ते आम्हांस पूर्वी सांगितले होते. परंतु ज्याला दोष देण्यास वारा सापडला, त्याला आठवणीची गरज उरत नाही. ऑक्टोबरातील त्यांच्या चार पौंडांचाही अर्थ आम्हांस तेव्हा कळला. उघड्या बांधावर बसलेल्या सर्वांत ते वजन अधिक होते. त्या दिवशी उत्तम गळ कोणी टाकिला असेल तर तो त्यांनी. आणि पाकीट नेले ते आम्ही.

अशा रीतीने आमच्या वहीतील दोन्ही नोंदी खोट्या ठरल्या. जेथे भिंतीने दिले तेथे आम्ही आपले कौशल्य लिहिले. आणि जेथे आमचा आळस नडला तेथे वाऱ्याचे नाव लिहिले. दोन्ही दिवशी वारा एकच होता. त्यास पहिल्या दिवशी आम्ही पाहिलेच नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावाचून दुसरे काही पाहिले नाही.

आता येथे एक खोल प्रश्न उभा राहतो. जर चिठ्ठी, वारा आणि भिंत यांचे इतके चालते, तर मनुष्याची स्तुती किंवा निंदा कोणत्या आधारावर करावी? हा प्रश्न मोठमोठ्या विचारवंतांनीही हाताळला आहे. १९७६ साली इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स व अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी या विषयावर निबंध लिहिले, आणि दैवाचा नीतीशी काय संबंध आहे याची चर्चा तेव्हापासून तत्त्वज्ञानात विशेष चालू झाली. नेगेल यांनी मालमोटार हाकणाऱ्याचा एक दाखला घेतला आहे, त्याचा आशय असा. हाकणाऱ्याने आपले ब्रेक वेळेवर तपासून घेतले नाहीत, आणि अचानक एक मूल रस्त्यात धावत आले व चिरडले गेले. तीच हयगय दुसऱ्याही कोणी केली असेल. पण त्याच्या वाटेत मूल आले नाही, म्हणून तो सुखाने घरी पोहोचला. हयगय दोघांची सारखी. तथापि जग एकास अपराधी म्हणते आणि दुसऱ्याचे नावही घेत नाही. यात जगाचा न्याय बरोबर की चूक, याविषयी तत्त्वज्ञांचे अद्यापि एकमत नाही. पण त्या दुसऱ्या मनुष्याने घरी पोहोचल्यावर आपल्याविषयी काय समजावे, हे मात्र आम्हांस स्पष्ट दिसते. ‘मी उत्तम हाकणारा आहे’ असे त्याने समजू नये. ‘आज माझ्या वाटेत मूल आले नाही’ असे समजावे, आणि उद्या सकाळी ब्रेक तपासून घ्यावेत.

आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे प्रत्येक यशापयशाचे तीन भाग असतात. पहिला भाग चिठ्ठीचा, म्हणजे जे आपण मागितले नाही व जे बदलता येत नाही: जन्म कोणत्या घरी, शेत कोणत्या उतारावर, पाऊस कोणत्या दिवशी. दुसरा भाग हाताचा, म्हणजे मिळालेल्या जागी बसून आपण जे केले किंवा करावयाचे टाळले. तिसरा भाग काट्याचा, म्हणजे शेवटी तोल लावताना आपण खरे बोलतो की खोटे. पहिल्या भागाबद्दल कोणाची स्तुती नको आणि कोणाची निंदाही नको. दुसऱ्याबद्दल दोन्ही योग्य आहेत. पण त्या करण्यापूर्वी पहिला भाग वजा केला पाहिजे. तिसऱ्या भागात मात्र वाऱ्याचा काहीच अधिकार नाही. तेथे मनुष्य सर्वस्वी एकटा व सर्वस्वी जबाबदार असतो.

मनुष्य पहिला भाग वजा करू लागला, तर त्यातून व्यवहारातही न्याय उत्पन्न होऊ शकतो. मोठ्या शर्यतींत सर्व काठाचे भाग पाडितात, आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच भागात बसलेल्यांशी करितात. उघड्या बांधावरचा उघड्या बांधावरच्याशी तोलला जातो, आडोशाचा आडोशाच्याशी. शिवाय एका दिवसावर निकाल न ठेविता अनेक दिवसांचे गुण एकत्र करितात. कारण चिठ्ठी एक दिवस एकास हात देईल, पण वर्षभर एकालाच देत नाही. वारा बंद करणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु वारा लक्षात घेऊन तोलणे त्याच्या हाती आहे.

काट्याच्या भागाविषयी एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. अमेरिकेत ईरी नावाचे मोठे सरोवर आहे. तेथे २०२२ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस क्लीव्हलँड शहरी मासेमारीच्या शर्यतीचा तोल चालला होता. दोघा स्पर्धकांचे मासे दिसण्यात जेवढे होते त्याहून फारच जड भरले. व्यवस्थापकास संशय आला; त्याने सर्वांदेखत माशांची पोटे चिरली, तेव्हा आत शिशाचे गोळे व दुसऱ्या माशांचे मांस भरलेले सापडले. पुढे २०२३ साली त्या दोघांनी न्यायालयात अपराध कबूल केला. त्यांस दहा दिवसांच्या कारावासाची शिक्षा झाली, त्यांचे मासेमारीचे परवाने तीन वर्षांसाठी रोखले गेले, आणि त्यांची बोट जप्त झाली. ही बातमी वाचून सर्व जगाने त्यांची छी-थू केली, आणि ती योग्यच होती. परंतु आमच्या मनात असे आले, की माशाच्या पोटात शिसे घालणे आणि आपल्या यशाच्या हकीकतीतून पंपघराची भिंत गाळणे, यांत प्रकाराचा भेद किती आणि प्रमाणाचा किती? त्यांनी काट्यास फसविले. आम्ही ऐकणाऱ्यांस व स्वतःस फसविले. त्यांस न्यायाधीश भेटला. आम्हांस कोणी भेटला नाही, एवढ्यावरून आमचे वजन खरे ठरत नाही. खोटा तराजू किती निंद्य आहे हे आपण शास्त्रात अनेकदा वाचितो, पण तो तराजू आपल्या जिभेतही असू शकतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

कोणी दयाळू वाचक येथे विचारील, की पोटासाठी नव्हे तर केवळ खेळासाठी माशांस त्रास देणे तरी कितपत बरे? प्रश्न रास्त आहे. २००३ साली स्कॉटलंडातील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाजवळ इजा जाणणाऱ्या नसा असल्याचे प्रसिद्ध केले, आणि माशास वेदना कशी व किती होते यावर विद्वानांत वाद चालूच आहे. पुष्कळ मंडळे काटेरी अंकुडा नसलेले गळ वापरण्याचा नियम करितात व मासा ओल्या हाताने धरण्यास सांगतात. पाण्यात राहिलेले शिशाचे मणी गिळून हंस मरत, म्हणून इंग्लंडात १९८७ साली तशा लहान शिशाच्या वजनांस बंदी झाली. या प्रश्नाचा पूर्ण विचार स्वतंत्र लेखात करावा लागेल. येथे एवढेच म्हणतो, की आमच्या मानाची किंमत त्या दिवशी मुक्या जीवांनी भरली होती. दुसऱ्याने किंमत भरलेल्या वस्तूविषयी तरी मनुष्याने बढाई मारू नये.

आता हा सर्व विचार आपल्या गावात आणून पाहू. एकाचे शेत बंधाऱ्याखाली आहे, दुसऱ्याचे माळावर. पाऊस ओढ देतो तेव्हा बंधाऱ्याखालचा म्हणतो, “ज्याने कष्ट केले त्याचे पीक वाचले.” त्याने कष्ट केले हे खरे, पण माळावरच्याने केले नाहीत हे त्याला कोणी सांगितले? उलट माळावरचा म्हणतो, “त्याचे काय, त्याला पाणी आहे.” पाणी आहे हेही खरे, पण पहाटे चारला उठून पाट फिरविणारा मनुष्य त्याला दिसत नाही. एकास आपली भिंत दिसत नाही, दुसऱ्यास शेजाऱ्याचा हात दिसत नाही, आणि यातूनच बांधाला बांध लागून असलेल्या दोन घरांत अबोला सुरू होतो. आमच्या उपदेशक बंधूंचेही असेच होते. एकास असे गाव मिळते की तेथे पूर्वीच्या कोणी वीस वर्षे मशागत करून ठेविली आहे. मंडळी भरते, शाळा चालते, आणि वार्षिक सभेत त्याचे नाव घेतले जाते. दुसऱ्यास असे गाव मिळते की तेथे विहिरीवर पाणी मिळावयाची पंचाईत. त्याच्या अहवालात चारच ओळी असतात, आणि त्या वाचताना सभेत कोणी मान वर करीत नाही. बंधूहो, हे चार पौंडवाले लोक होत! त्यांच्याकडे पाहताना तो उघडा बांध आपण आठवावा.

गालील समुद्रावरील कोळ्यांची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. त्यांनी रात्रभर श्रम केले आणि जाळे रिकामे आले. सकाळी तेच हात, तीच नौका, तेच जाळे, आणि मासे इतके की जाळे फाटू लागले. रात्री ते आळशी होते काय? आणि सकाळी ते अधिक निपुण झाले होते काय? त्या कोळ्याने भरलेले जाळे पाहून छाती पुढे काढिली नाही. तो गुडघे टेकून खाली बसला. यशाच्या वेळी मनुष्याने कसे असावे याचे याहून चांगले चित्र आम्हांस ठाऊक नाही.

परंतु या उपदेशाचाही दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून दोन सूचना करितो. पहिली अशी, की ‘सर्व काही चिठ्ठीवर आहे’ असे म्हणून हात जोडून बसणाऱ्यास आमच्या लेखात आधार नाही. तो आमच्या नोव्हेंबरातील शर्यतीचाच भाऊ होय. त्याने सात पौंडवाल्या शेजाऱ्याकडे पाहावे. दुसरी अशी, की वारा वजा करावयाचा तो आपल्या यशातून व दुसऱ्याच्या अपयशातून. दुसऱ्याच्या यशातून नव्हे. शेजारी जिंकला की “त्याला आडोसा होता” असे म्हणत फिरणे ही नम्रता नव्हे, तो मत्सर होय. स्वतःचा हिशेब करिताना आधी भिंत आठवावी. शेजाऱ्याचा करिताना आधी त्याचा हात आठवावा. हा नियम एकांगी वाटेल, पण आपले मन आधीच दुसऱ्या अंगास इतके कललेले असते की त्यास सरळ उभे करण्यास एवढा टेकू लागतोच.

नोव्हेंबरातील त्या सायंकाळी सामान आवरताना आम्ही त्या वृद्ध गृहस्थांकडे गेलो, आणि ऑक्टोबरात त्यांच्या शब्दांनी आम्हांस राग आला होता हे त्यांस सांगितले. त्यांस तो प्रसंग आठवतही नव्हता. ते हसले आणि म्हणाले, “भिंतीआडची जागा मलाही पुष्कळ वेळा मिळाली आहे. तुम्ही पुढच्या वेळी दोरा बुडवा म्हणजे झाले.” मग त्यांनी आमची काठी घेतली, तिचे टोक पाण्यात घातले, आणि अंधार पडेपर्यंत, त्याच वाऱ्यात उभे राहून, तो दोरा कसा बुडवावयाचा हे आम्हांस पुन्हा एकदा दाखविले.

प्रिय वाचकहो, आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी आपणही आपली वही एकदा उघडून पाहा. जेथे आपले नाव मोठ्या अक्षरांनी लिहिलेले आहे, तेथे शेजारी कोणती भिंत उभी होती ते शोधा, आणि तिच्याबद्दल उपकार माना. जेथे वाऱ्याचे नाव लिहिलेले आहे, तेथे आपला दोरा बुडविला होता काय, हे स्वतःस विचारा. आणि उद्या सकाळी जो कोणी उघड्या बांधावर बसलेला आपणांस दिसेल, त्याच्या चार पौंडांची विचारपूस केल्यावाचून त्याच्या पुढून जाऊ नका.